मित्रांना पर्यावरणाचं पटवायचंय? भरीत पार्टीपासून सुरुवात करा

गेल्या दोन-तीन महिन्यांत निदान चार जणांनी मला हेच विचारलं, की तुझ्या घरी कचरा वेगळा होतो, गाडी कमी काढतोस, तुझ्या ग्रुपमधले बाकीचे पण हळूहळू तसं करायला लागलेत, आमच्याकडे तर विषय काढला की पोरं मोबाईलमध्ये डोकं घालतात, मग नक्की करायचं काय. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. मी जळगावचा, मित्र धुळे, भुसावळ, यावल, रावेरकडे पसरलेले, त्यामुळे उदाहरणं आपल्याच भागातली येतील.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मित्राला हे पटत नाही असं फार कमी वेळा असतं. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा भुसावळच्या माणसाला तापमान वाढतंय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याला अडचण असते ती त्रासाची. पिशवी आठवणीनं कोण नेणार, ताटं कोण घासणार, जास्तीचे पैसे कोण घालणार. तो त्रास पहिल्या वेळी तुम्ही तुमच्या अंगावर घ्या. दुसऱ्या वेळी अर्धा घ्या. तिसऱ्या वेळी तो स्वतःच करतो, आणि बोलायची वेळ फारशी येतच नाही.

पायरी १ : आधी घरात तीन महिने

यावर जास्त लिहीत नाही. जे मित्राला सांगणार ते आपण किमान तीन महिने केलेलं पाहिजे, कारण तो पहिला प्रश्न हाच विचारणार की वास येतो का, खर्च किती, घरचे ओरडले का, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे स्वतःचं पाहिजे, कुठल्या व्हिडिओतलं नाही. ओल्या कचऱ्याचं खत करणार असाल तर आपल्याकडे खरी गंमत उलटी होते, पुण्या-मुंबईकडचे लोक सांगतात खत ओलं होऊन वास मारतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये बादलीतलं सगळं वाळून कडकडीत होतं, सडतच नाही. सावलीत ठेवा, दोन दिवसाआड पाण्याचा हबका मारा, वास आला तर वाळलेला पाला टाका. अडीच-तीन महिन्यात खत तयार होतं. हे असलं बारीकसारीक तुम्हाला माहीत असलं की मित्र ऐकतो.

पायरी २ : एक मित्र, एक गोष्ट

पूर्ण ग्रुपला एकदम सांगायला जाऊ नका. ग्रुपमध्ये एकजण हसला की बाकीचे हसतात आणि मग ज्याला खरंच करायचं होतं तोही गप्प बसतो. मी हे केलंय, २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा रोज एक मेसेज टाकायचो, कासवाचा फोटो, समुद्राचा फोटो. आपल्यापासून समुद्र किती लांब! तापीच्या काठावरच्या माणसाला कासवाच्या नाकातल्या स्ट्रॉचं वाईट वाटतं पण ते तेवढ्यापुरतंच, त्याच्या दारातली गटार तुंबते त्याचं त्याला रोज वाटतं.

म्हणून एकच मित्र निवडा, आणि त्याच्या आयुष्यातली एकच गोष्ट बघा जिथं त्याला आधीच डोकेदुखी आहे. कोणाची बिलाची असते, कोणाची पेट्रोलची, कोणाच्या बायकोची तक्रार असते की पाण्याचे जार उचलून कंबर गेली. तिथून हात घाला.

माझा एक मित्र जळगाव-भुसावळ अपडाऊन करतो, रोज बाईकवर. जाऊन-येऊन ५० किलोमीटर, म्हणजे जवळपास लिटरभर पेट्रोल, आणि एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा दुसरा आकडा मी त्याला कधीच सांगितला नाही. त्याला फक्त म्हटलं, एक महिना रेल्वेचा पास काढून बघ, स्टेशनला मी सोडतो पहिले चार दिवस. खरंच सोडलं. हिवाळ्यात सकाळी सकाळी उठून जायचा कंटाळा यायचा पण सोडलं. त्याची शिफ्ट गाडीच्या वेळेला जुळत होती म्हणून जमलं, ज्याची जुळत नाही त्याला हे सांगूच नका, त्याला दोघं मिळून एका गाडीवर जायचं सुचवा. आकडा त्यानं स्वतःच विचारला, पाच महिन्यांनी, कारण तोपर्यंत त्याला कौतुक वाटायला लागलं होतं.

पायरी ३ : पार्टी तुम्ही द्या

आता मुख्य मुद्दा. खान्देशात माणूस जेवणावर जमतो. हिवाळा लागला की शेतात भरीत पार्टी ठरलेलीच, आणि मला वाटतं आपल्याकडे नवीन माणसाला या कामात सुरुवात करायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

पार्टी संपल्यावर बांधावर काय पडलेलं असतं ते आठवा. थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे ग्लास, पाण्याच्या छोट्या बाटल्या, आणि ते सगळं वारा घेऊन जातो कपाशीत. एका पार्टीनंतर दुसऱ्या दिवशी मी मित्राच्या शेतात परत गेलो होतो विसरलेली चादर आणायला, तर त्याचे वडील एकटेच वाकून वाकून हरभऱ्याच्या सरीतनं ग्लास वेचत होते. पासष्टी ओलांडलेला माणूस. मला बघून काही बोलले नाहीत, उलट चहा घेतो का विचारलं. त्या दिवशी मी ठरवलं की पुढची पार्टी आपण करायची आणि सामानाचं आपण बघायचं.

तर ते कसं करायचं ते नीट सांगतो.

वांगी माणशी अर्धा किलो धरा, भाजल्यावर बरीच बसतात. बामणोद-भालोदकडची मोठी हिरवी मिळाली तर उत्तमच, जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, हे मुंबई-पुण्याचे पाहुणे असतील तर त्यांना जरूर सांगा. भाजायला कपाशीच्या काड्या असतातच.

ताटाला केळीची पानं. रावेर-यावल पट्ट्यात कोणाच्याही बागेत विचारा, शक्यतो पैसे घेत नाहीत, पण कापताना मालकाला सोबत घ्या. वरची हिरवीगार पानं तोडायची नाहीत, घड त्यांच्यावरच भरतो. खालची, जी तो तशीही काढणार असतो, त्यातली चांगली निवडायची. करप्याचे पिवळे-तपकिरी ठिपके असलेली नकोत. वाऱ्यानं फाटलेली बाजूला ठेवा, ती वांगी झाकायला कामी येतात. एका मोठ्या पानाचे तीन-चार तुकडे होतात, ओल्या फडक्यानं पुसायचे, झालं. आणि पानं तोडायला जुनाच शर्ट घालून जा, केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग परत निघत नाही, माझे दोन शर्ट गेलेत.

भरीत, कळण्याची भाकरी किंवा पुरी, ठेचा, कांद्याची पात, हे सगळं पानावर छान बसतं. शेवभाजी किंवा वरण ठेवणार असाल तर रस्सा पानावरून पळतो, मग वाट्या लागतात. इथं निरोप द्यायचा की ज्यानं त्यानं आपली एक वाटी आणि एक ग्लास घरून आणायचा. कोणाची कुठली हा गोंधळ होत नाही, आपल्या आया-मावश्यांनी भांड्यांवर नावं कोरून ठेवलेली असतातच. पहिल्या वेळी निम्मे लोक विसरतात, ते गृहीत धरून तुम्ही दहा-बारा वाट्या जास्तीच्या न्या आणि विसरलेल्याला काहीच बोलू नका. पळसाच्या पानांचे द्रोण मिळाले तरी चालतील. फक्त बाजारातल्या चकचकीत पत्रावळी आणि चंदेरी द्रोण बघून घ्या, कागदावर पातळ प्लास्टिकचा थर असतो त्याला, तो सडत नाही.

पाण्याला बाटल्यांचा खोका आणायचा नाही. दोन माठ, वर ओलं फडकं, आणि एक ओगराळं. शेतात विहिरीचं पाणी पिण्यासारखं नसेल तर घरून भरून न्या.

भांडी घासायला साबण नेऊ नका, काड्यांची राख तिथंच असते. थंड झालेली राख आणि थोडं पाणी, स्टीलच्या वाटीचा तेलकटपणा लगेच निघतो. मागच्या वेळी पाचजण गोल बसून गप्पा मारत वाट्या घासत होते आणि ज्यानं आयुष्यात घरी ताट उचललं नाही तोही बसला होता. उष्टी पानं म्हशीला किंवा उकिरड्यावर. बांध साफ.

या सगळ्यात पर्यावरण हा शब्द एकदाही काढायचा नाही. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. लोक जेवतात, पानावर जेवायला त्यांना आवडतं, आजीच्या वेळचं काहीतरी आठवतं, ते आपापसात बोलायला लागतात की आपल्याकडे लग्नात पंगती कशा बसायच्या, वरण-बट्टी पत्रावळीवर कशी वाढायचे. ते बोलू द्या. पुढच्या पार्टीला दुसरा कोणी करत असेल तर त्याला फक्त एवढंच विचारा, पानं मी आणू का.

पायरी ४ : उन्हाळा आणि बिल

दुसरी संधी मार्चनंतर येते. आपल्याकडे पंखा चोवीस तासातले सोळा तास तरी चालतो. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. म्हणजे सोळा तासात पाऊण युनिटला थोडं कमी वाचतं, महिन्याला एका पंख्यामागे २० युनिटच्या वर. तीन पंखे असले की ६० युनिट. मित्राचं बिल हातात घेऊन त्याच्यासोबत बसा आणि हे गणित त्याच्याकडूनच करून घ्या, दर त्याच बिलावर छापलेला असतो. १०० युनिटच्या पुढे दर वाढतो आणि ३०० च्या पुढे आणखी, त्यामुळे वाचलेले युनिट हे नेहमी महाग टप्प्यातले असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच आलेलं नसतं. सगळे पंखे एकदम बदलायला सांगू नका, जो सगळ्यात जास्त चालतो तो एक.

आता एसी. हा विषय नाजूक आहे कारण ज्यानं कष्टाच्या पैशातून पहिला एसी घेतलाय त्याला तुम्ही त्याचा अपराध सांगायला गेलात तर मैत्री जाईल, आणि बरोबरच आहे, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर आपल्या उन्हात एसी ही चैन नाहीये. त्याला एवढंच सांगा की १८-२० वर लावण्यापेक्षा २५-२६ वर लाव आणि पंखा चालू ठेव, एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था बीईई सांगते.

पण ज्यानं अजून घेतला नाही आणि घ्यायच्या विचारात आहे, त्याच्याशी कूलरबद्दल जरूर बोला. आपला उन्हाळा कोरडा असतो आणि कूलर कोरड्या हवेतच चालतो, पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. कोकणात हे जमत नाही, आपल्याला जमतं. दीड टनाचा एसी रात्रभरात सात-आठ युनिट सहज घेतो, कूलर दीड-दोनमध्ये भागवतो. बहुतेकांचा कूलर थंड करत नाही कारण खोली बंद करून ठेवतात. कूलर खिडकीत पाहिजे, तोंड आत, आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं. गवत दरवर्षी बदला, वाळा मिळाला तर वाळा. एक चूक टाळा, आरओचं वाया जाणारं पाणी कूलरमध्ये ओतू नका, क्षार जमून गवत दगडासारखं होतं. ते फरशी पुसायला आणि संडासात वापरा.

मित्राचा कूलर उन्हाळ्याच्या आधी त्याच्यासोबत गच्चीवर नेऊन धुवून द्या. एक रविवार जातो. पण पूर्ण उन्हाळा त्याला तुमची आठवण राहते.

ज्याचं स्वतःचं छप्पर आहे आणि बिल मोठं आहे त्याच्यासाठी सोलर. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार सबसिडी आहे, एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला चारच्या आसपास युनिट मिळतात. हे मात्र पहिल्या भेटीत काढायचं नाही, पैसे मोठे आहेत, माणूस दबकतो. पंख्याचा फायदा दिसल्यावर काढा. फॉर्म भरायला त्याच्यासोबत बसा, अर्धे लोक तिथंच अडतात.

पायरी ५ : अखाजीला माठ

आपल्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात, आणि नव्या माठातलं पाणी प्यायला तिथून सुरुवात करायची रीत बऱ्याच घरांत होती. मी गेली काही वर्षं अखाजीच्या आधी कुंभाराकडून दोन-तीन माठ घेतो आणि ज्याच्या घरी जारचं पाणी चालतं अशा मित्राकडे नेऊन देतो. सणाची वस्तू असल्यामुळे कोणी नाही म्हणत नाही, माउली लगेच धुवून भरून ठेवते. कोरा माठ आधी एक दिवस पाण्यानं भरून ठेवायचा आणि ते पाणी झाडांना टाकायचं, नाहीतर मातीचा वास राहतो. आतून हात घालून घासू नका, छिद्रं बुजतात आणि पाणी थंड होत नाही.

पिशवीचंही असंच. "कापडी पिशवी वापर" सांगण्यापेक्षा जुन्या साडीच्या किंवा जाड पॅंटच्या कापडाच्या चार पिशव्या शिवून त्यातली एक त्याच्या गाडीच्या डिक्कीत तुम्ही स्वतः ठेवून द्या. घरात पिशव्या सगळ्यांकडे असतात, अडतं ते बाजारात गेल्यावर.

पायरी ६ : वाद निघालाच तर

निघतोच. माझा धुळ्याचा एक मित्र दर वेळी म्हणतो, "एक पिशवी नई लिधी त काय फरक पडनार शे भो?", म्हणजे एक पिशवी नाही घेतली तर काय फरक पडणार. कोणी म्हणतो कारखाने बघ आधी. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या बघ.

त्याचं म्हणणं खोडू नका, कारण त्यात तथ्य आहे. मोठी जबाबदारी मोठ्यांचीच आहे, सरकारची, उद्योगांची, हे मोकळेपणानं मान्य करा. मग फक्त एवढं म्हणा की दीपनगरला कोळसा जळतो तो आपल्याच पंखे-दिव्यांसाठी, आणि देशाच्या सरासरीनं आपण वापरलेल्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, तेवढा भाग आपल्या हातात आहे. इथं थांबा. तो पुढे बोलला तर ऐकून घ्या. वादात जिंकलेला माणूस घरी जाऊन पंखा बदलत नाही आणि हरलेला तर नाहीच नाही.

"तू स्वतः तर गाडीवर आलास" असं म्हणाला तर, हो आलो, म्हणायचं. खरंय ते.

पायरी ७ : दाखवायला घेऊन जा

ज्या मित्राला हळूहळू गोडी लागलीय त्याला साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला घेऊन जा. नव्वदच्या दशकात गावाभोवतीचं जंगल जवळपास संपलं होतं, पाण्यासाठी वणवण होती, मग चैत्राम पवारांच्या पुढाकारानं गावानं स्वतःचे नियम केले, जंगल तोडलं तर दंड, आणि चारशेहून जास्त हेक्टर जंगल राखलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं वनभाज्यांची स्पर्धा भरते, गावातल्या बाया जंगलातल्या भाज्या रांधून मांडतात. जायच्या आधी विचारून जा, ते लोकांचं गाव आहे, सहलीची जागा नाही. मी एका मित्राला नेलं होतं जो माझं कधीच ऐकायचा नाही, तो परत येताना साक्रीपर्यंत काही बोलला नाही आणि मग म्हणाला, आपल्या कॉलनीतल्या ओपन स्पेसमध्ये काय करता येईल रे.

धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची पाणी वाटून घ्यायची फड पद्धतही समजून घ्या, कॉलनीत किंवा ग्रुपमध्ये काही सामायिक करायचं असेल तर फार उपयोगी आहे. बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांचं, कुठल्या फडात, म्हणजे शेतांच्या कुठल्या पट्ट्यात, यंदा कुठलं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाणी द्यायला पाटकरी वेगळा, म्हणजे शेतकऱ्यानं आपल्या हातानं जास्त घ्यायची सोयच नाही. शेकडो वर्षं चाललं हे. आमच्या कॉलनीत बोअरच्या पाण्याचं आम्ही असंच केलं, नियम सगळ्यांनी मिळून ठरवले पण वॉल्व्ह फिरवायला एकच माणूस नेमला, त्याच्या आधी दर उन्हाळ्यात भांडणं व्हायची.

काय करू नका

मित्राच्या घरी जेवायला गेल्यावर त्याच्या कचऱ्याच्या डब्याकडे बघून काही बोलू नका. त्याच्या मुलांसमोर त्याला चूक दाखवू नका. ज्याचं घर उसनवारीवर चाललंय त्याला महागडं काहीही सुचवू नका, तो बहुतेक वेळा आपल्यापेक्षा कमीच वापरत असतो, उलट त्याच्याकडून शिका, जुन्या कपड्यांची गोधडी त्याच्याच घरात शिवली जाते. आणि कोणी एक गोष्ट सुरू केली की लगेच दुसरी सांगायची घाई नको. सहा महिने जाऊ द्या.

काही मित्र करणारच नाहीत. माझे दोन आहेत, शाळेपासूनचे, त्यांच्याकडे मी अजूनही जातो, प्लास्टिकच्या ग्लासातलं पाणी पितो आणि गप्पा मारून येतो. त्यातल्या एकानं यंदा बिल बघून स्वतःच फोन केला होता, एवढं कसं आलं म्हणून, पण मी गडबडीत होतो आणि विषय राहून गेला. मे महिन्याचं बिल जूनमध्ये येतं. तेव्हा त्याच्याकडे जाऊन बसणार आहे, कॅल्क्युलेटर घेऊन.